वाचक विचारतात : क्रँकवरचे आटे गेले, आता काय?

या वेळी ट्रायल्सवाल्यांची पत्रं एवढी आलीत की बाकीच्यांना पुढच्या अंकापर्यंत कळ काढावी लागणार. आणि गंमत म्हणजे दुखणं सगळ्यांचं एकच, क्रँकवरचे आटे, फक्त कोणी सुरुवातीच्या टप्प्यावर आहे, कोणी मधल्या आणि कोणाचं सगळं आटोपलंय. म्हणून एकत्रच घेतो.

ज्यांनी ट्रायल्स बाइक जवळून बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रायल्स म्हणजे पाय न टेकवता दगडांवरून, अडथळ्यांवरून सायकलने उड्या मारत जायचं. आपल्या नेहमीच्या सायकलला फ्रीव्हील (पेडल थांबवलं तरी चाक फिरू देणारा भाग) मागच्या चाकावर असतं. ट्रायल्स बाइकवर ते बऱ्याचदा पुढे असतं, उजव्या क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) आतल्या बाजूला आटे पाडलेले असतात त्यावर फिरवून बसवलेलं, आणि मागे नुसता फिक्स कॉग, म्हणजे चाकाबरोबरच फिरणारं दातांचं चक्र. असं का, तर मागे 12 दातांसारखा बारका कॉग हवा असतो, आणि फ्रीव्हीलच्या नेहमीच्या मापाच्या आट्यांवर 12 दाती फ्रीव्हील बनूच शकत नाही, आत खटके (एका दिशेने पकडणारे, उलट दिशेने सुटणारे बारके तुकडे) आणि बेअरिंग मावायला जागाच उरत नाही. मग फ्रीव्हील पुढे नेलं, 18 दाती, आणि प्रश्न सुटला. म्हणजे मागचा सुटला, पुढचा सुरू झाला.

प्रश्न : माझी 26 इंची ट्रायल्स बाइक आहे, पुढे 18 दात, मागे 15. जुन्या फ्रीव्हीलचे खटके घसरायला लागले म्हणून ते काढून नवीन बसवलं. पहिल्याच दिवशी मागच्या चाकावर उभं राहून पेडल किक (पेडलला एकदम झटका देऊन उडी) मारली तर कर्रर्र आवाज आला आणि पाय एकदम खाली गेला, नशीब नुसतं नडगीवर निभावलं. आता फ्रीव्हील क्रँकवर हाताने नुसतं फिरत राहतं, घट्ट होतच नाही, आणि उघडून बघितलं तर आतून ॲल्युमिनियमची बारीक तार निघाली, स्प्रिंगसारखी. वजन 80 किलो. मित्र म्हणतो तू फार जोरात किक मारतोस म्हणून आटे गेले. खरंच?

उत्तर : मित्राला सांगा की ट्रायल्समध्ये हळू किक मारायची सोय नाहीये. आणि नाही, फक्त जोरामुळे चांगले आटे सहसा जात नाहीत. पण जोर किती असतो ते एकदा समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

80 किलोचा माणूस पेडलवर झोकून देतो तेव्हा वजनाच्या दुप्पट जोर धरला तरी ढोबळमानाने 1,600 न्यूटन होतात. क्रँक 170 मिमीचा धरा, म्हणजे टॉर्क झाला साधारण 270 न्यूटन-मीटर. कारच्या चाकाचे नट 100-120 ला आवळतात, त्यावरून अंदाज घ्या. 18 दाती स्प्रॉकेटची त्रिज्या जेमतेम 36.6 मिमी, म्हणजे त्या क्षणी चेनवर साडेसातशे किलोच्या आसपास ताण येतो. आणि हा सगळाच्या सगळा टॉर्क क्रँकमधून फ्रीव्हीलमध्ये जातो तो त्या आट्यांमधूनच, दुसरा रस्ताच नाही, ना स्प्लाइन (एकमेकांत बसणाऱ्या उभ्या खाचा) ना बोल्ट. वर पुन्हा पुढचे आटे मागच्यापेक्षा जास्त सोसतात हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तुमच्या 18-15 वर पुढे 270 असतील तर मागच्या कॉगच्या आट्यांवर 225 येतात, 18-12 वर तर 180 च.

आता आटे कसले असतात ते बघा. माप 1.37 इंच व्यास आणि इंचाला 24 आटे, म्हणजे एका फेऱ्यात फ्रीव्हील 1.058 मिमी पुढे सरकतं, आणि आट्याची उंची अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर. फ्रीव्हील स्टीलचं, क्रँक ॲल्युमिनियमचा. आटे उजवे असतात आणि पेडल मारलं की फ्रीव्हील आवळलं जातं, सुटत नाही. इथपर्यंत छान वाटतं, पण त्याचाच दुसरा अर्थ असा की प्रत्येक मोठी किक ते अजून थोडं आवळते आणि आजवरची सगळ्यात मोठी किक जितकी, तितकं ते घट्ट होऊन बसतं. 270 न्यूटन-मीटरला आवळलं की ते आटे क्रँकच्या खांद्यावर (आटे संपतात तिथल्या कडेवर) तीन-साडेतीन टनांच्या आसपास दाब देत असतात. चांगले, पूर्ण उंचीचे, पूर्ण लांबीभर पकडलेले आटे हे आरामात पेलतात, त्यांची ताकद याच्या कितीतरी पट असते. म्हणून तर वर्षानुवर्षं लोक या रचनेवर दगडांवरनं उड्या मारतायत.

मग तुमचे का गेले? माझा संशय नवीन फ्रीव्हीलवर नाही, जुनं काढलं त्या दिवसावर आहे. तुम्ही पत्रात काढायची गोष्ट एका शब्दात उरकलीय, "काढून", पण खरी मारामारी तिथेच झालेली असते. कोरडं बसवलेलं फ्रीव्हील असेल तर स्टील आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटतात, ओल गेली असेल तर मध्ये पांढरी भुकटी धरते, आणि मग जोर लावून फिरवलं की क्रँकच्या आट्यांचे शेंडे सोलून फ्रीव्हीलबरोबर येतात. वरून बघितलं तर आटे दिसतात, पण निम्म्या उंचीचे. त्यावर नवीन फ्रीव्हील हाताने बसतं, जरा ढिलं वाटतं, आपण म्हणतो चेन आवळेल, आणि मग किक.

काढलेलं जुनं फ्रीव्हील अजून असेल तर त्याच्या आतल्या आट्यांत टॉर्च मारून बघा. खाचांमध्ये चकचकीत चंदेरी काही भरलेलं दिसलं तर ते तुमच्या क्रँकचे आटे आहेत.

दुसरी दोन कारणंही असू शकतात. एक, सुरुवात तिरकी झाली. आटे इतके बारीक आहेत की अर्ध्या आट्याचा तिरकेपणा डोळ्याला दिसत नाही, आणि पाना लावून ढकललं की स्टील आपल्या मनाने नवीन वाट कोरतं. दुसरं, पकडच कमी होती. मध्ये बॅशरिंग (दातांना दगडापासून वाचवणारं कडं) किंवा स्पेसर घातला असेल आणि क्रँकचे आटे तेवढे लांब नसतील तर प्रत्येक मिलिमीटरला एक आटा गेला असं समजा. फ्रीव्हील हाताने बसवताना पूर्ण फेरे मोजायची सवय लावा. सात-आठ फेरे मिळाले तर ठीक, पाचावरच अडलं तर त्या बाइकवर किक मारू नका, आधी मधलं काय ते काढा.

क्वचित असंही होतं की फ्रीव्हीलच वेगळ्या मापाचं हातात येतं. जुनं फ्रेंच माप 34.7 मिमी आणि आटा 1 मिमीचा, आपलं 1.37 इंच म्हणजे 34.8 आणि आटा 1.058. पहिला फेरा जातो, दुसऱ्याला जड लागतं, आणि "नवीन आहे ना, जड जाणारच" म्हणून पाना लावला की संपलं. नवीन फ्रीव्हील हाताने खांद्यापर्यंत जायलाच पाहिजे, जात नसेल तर थांबायचं.

तुमचा क्रँक मात्र गेला. तार निघाली म्हणजे आटे मुळापासून कापले गेलेत. त्याचं काय करता येईल ते पुढच्या प्रश्नात आहे, पण आशा लावून बसू नका.

प्रश्न : आटे पूर्ण गेलेत. क्रँक महागाचा, 7075 नावाच्या कडक ॲल्युमिनियमचा आहे, टाकवत नाही. लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा डिंक) भरून बसवलं तर? की एपॉक्सी? एक जण म्हणाला वेल्ड करून टाक, कायमचं काम.

उत्तर : ज्याने वेल्ड सांगितलं त्याला विचारा, स्टीलचं फ्रीव्हील ॲल्युमिनियमच्या क्रँकला कसं वेल्ड करणार. नेहमीच्या वेल्डिंगने हे दोन धातू एकमेकांना धरत नाहीत. ॲल्युमिनियमचा भर घालून नवीन आटे पाडायचे असा त्याचा अर्थ असेल तर तेही सोडा. हे क्रँक उष्णता देऊन कडक केलेले असतात, वेल्डिंगच्या गरमीने ती ताकद आसपासच्या सगळ्या भागातून उतरते, आणि 7075 तर वेल्डिंगला मुळातच वाईट, आतून तडे जातात. तुम्ही ज्या गुणासाठी 7075 घेतलात, म्हणजे 6061 जातीच्या ॲल्युमिनियमच्या जवळपास दुप्पट ताकद, तोच गुण वेल्डरला देऊन याल. आणि हा भाग कुठला आहे तर एक्सलच्या शेजारचा, जिथे क्रँक तुटला तर तुम्ही थेट दगडावर.

चिकटवायच्या प्रकारांबद्दल. लॉकटाइटची जी बेअरिंग-बुशवाली जात असते ती चांगल्या बसणाऱ्या गोल भागांना खरंच जबरदस्त धरते, त्यामुळे काही जणांचं काही दिवस चालतं आणि ते बाकीच्यांना सांगत सुटतात. पण ती बारीक फटीसाठी असते, सोललेल्या खडबडीत आट्यांमध्ये फट कुठे शून्य कुठे अर्धा मिलिमीटर, त्यात वर तेल-ग्रीसचा अंश राहिलेला असतोच, आणि जोर कसा येतो तर धक्क्याने, हळूहळू नाही. शिवाय फ्रीव्हील मध्यावर बसेलच असं नाही, मग चेन एका ठिकाणी तंग, एका ठिकाणी ढिली. एपॉक्सीचं तर नावच नको. घरापासून बाजारापर्यंत जायच्या सायकलला असला जुगाड चालला असता, कारण तिथे सुटलं तर पाय घसरेल आणि चार लोक हसतील. ट्रायल्समध्ये सुटतं ते नेमकं किकच्या क्षणी, म्हणजे तुम्ही मागच्या चाकावर, पुढे गॅप (उडी मारून ओलांडायची फट), आणि सगळं वजन एका पायावर. यापेक्षा वाईट वेळ शोधून सापडणार नाही.

लेथवर क्रँकचा तो भाग उतरवून स्टीलची बाही चढवायची, तिच्यावर बाहेरून नवीन आटे, ही कल्पना कागदावर बरी दिसते. पण आट्याच्या तळाचा व्यास साडेतेहतीसच्या आसपास, आत आयसिस (खाचांच्या एक्सलचा एक प्रकार) स्प्लाइनसाठी एकवीस-बावीस मिमीचं भोक, म्हणजे भिंत सगळी मिळून सहा मिमीच्या अलीकडेपलीकडे. त्यातली अर्धी बाहीला दिली तर उरलं काय? फ्रीव्हील आणि क्रँकच्या सांध्यावर आडवी भोकं पाडून पिना ठोकायचा पण एक प्रकार आहे, त्यात फ्रीव्हील खरंच फिरत नाही, पण परत निघतही नाही, आणि फ्रीव्हील ही झिजणारी वस्तू. एका फ्रीव्हीलपुरता क्रँक, असा तो हिशेब.

तेव्हा उजवा क्रँक नवीन घ्या. डावा तुमचा चांगलाच असणार, सुटा उजवा मिळत असेल तर बघा, फक्त लांबी आणि एक्सलचा प्रकार तोच हवा. जुना क्रँक टाकवत नसेल तर भिंतीला लावा.

हां, आटे अर्धवटच गेले असतील, म्हणजे पहिला दीड-दोन आटा चेपलाय आणि पुढचे स्वच्छ आहेत, तर गोष्ट वेगळी. तिथे दुरुस्ती होते आणि चांगली होते. 1.37 गुणिले 24 ची डाय (बाहेरचे आटे पाडायचं हत्यार) मिळाली तर उत्तमच, पण ती सहज मिळत नाही. एक जुनी युक्ती अशी की जुन्या सुट्या गोळ्यांच्या बॉटम ब्रॅकेटला (क्रँकच्या एक्सलच्या बेअरिंगला) डाव्या बाजूला जी स्टीलची लॉकरिंग असायची तिचं माप हेच, 1.37 आणि 24, उजवे आटे. तिच्या आतल्या आट्यांना कानशीने आडव्या दोन-तीन खाचा पाडा, कडेची बारीक बूर साफ करा, आणि तेल लावून ती क्रँकवर मागच्या चांगल्या आट्यांच्या ओळीत येईल अशी सावकाश फिरवा. पाव फेरा पुढे, तेवढाच मागे, कचरा पुसायचा. ॲल्युमिनियमसाठी तेवढी लॉकरिंग पुरते. ही लॉकरिंग खाच न पाडता मापाची चकती म्हणूनही ठेवण्यासारखी आहे, कुठलाही जुना क्रँक घेताना त्यावर फिरवून बघायची, डुगडुगली तर पुढचं बोलणं थांबवायचं.

प्रश्न : फ्रीव्हील बदलायचंय पण निघत नाही. चार खाचांचा रिमूव्हर (फ्रीव्हील सोडवायचं हत्यार) लावला तर तो घसरला आणि दोन खाचा गोल झाल्या. गॅसवर गरम करू का?

उत्तर : गरम करू नका. या ठिकाणी उष्णता उलटी वागते. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, आणि इथे आत ॲल्युमिनियम, बाहेर स्टील. दोन्ही मिळून तापले की आतला क्रँक जास्त फुगून अजून आवळला जाणार. त्यापेक्षा झिरपणारं तेल सोडून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि काढल्या काढल्या जोर लावा, फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास पडतो पण चिकटलेल्या आट्यांना कधीकधी तेवढाही पुरतो. घरच्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे मटाराच्या पिशवीशेजारी क्रँक सापडल्यावर गोंधळ होणार नाही.

रिमूव्हर घसरतो कारण तो मोकळा धरलेला असतो. क्रँक बाइकवरून काढा (काढावाच लागतो, फ्रीव्हीलचं तोंड फ्रेमकडे असतं). मग रिमूव्हर खाचांत बसवून क्रँकच्या भोकातून एक लांब बोल्ट आरपार घाला, दोन्हीकडे जाड वॉशर, आणि नट आवळून रिमूव्हर फ्रीव्हीलला दाबून धरा. आता तो वर उचलला जाऊ शकत नाही, त्यामुळे घसरत नाही. रिमूव्हर वाइसमध्ये पकडा, क्रँक वरच्या बाजूला, आणि वरून बघताना क्रँक घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवा. पहिल्यांदा कच्चकन सुटलं की लगेच बोल्ट ढिला करायचा, नाहीतर फ्रीव्हील वर यायला जागा नसते आणि तुम्ही आटे आतल्या आत ओढत बसता. ही घाई खूप जण करतात.

जोर किती लागेल ते वर लिहिलंच आहे, जवळपास तुमच्या सगळ्यात मोठ्या किकएवढा. 170 मिमीच्या क्रँकला हाताने ओढून ते होत नाही. क्रँकवर चिंधी गुंडाळून मीटरभराचा पाइप चढवा, मग पंचवीस-तीस किलोचा जोर पुरतो. झटके देऊ नका, सलग दाब द्या.

तुमच्या दोन खाचा गेल्यात म्हणजे हे जमेलच असं नाही. मग फ्रीव्हीलचा बळी द्या, क्रँक वाचवा. फ्रीव्हीलच्या तोंडावर एक चकती असते, दोन बारीक भोकांची, तिचे आटे डावे असतात, म्हणजे ती घड्याळाच्या दिशेने फिरवली की सुटते. पंच आणि हातोडीने भोकात तिरका ठोका देत फिरवा. ती निघाली की बाहेरची दात्यांची रिंग उचलून येते, खाली बारीक गोळ्यांचा पाऊस पडतो म्हणून कापड अंथरून ठेवा, खटके आणि त्यांच्या स्प्रिंगा काढून घ्या. आता क्रँकवर उरलं फक्त आतलं स्टीलचं कडं. ते खटक्यांच्या खाचांपाशी वाइसच्या जबड्यात घट्ट धरा, कडं चेपलं तरी हरकत नाही, आणि क्रँकला पाइप लावून उलटा फिरवा. यानेही नाही निघालं तर ग्राइंडरने कड्याला एका जागी चीर पाडून छिन्नीने फाकवायचं, पण तिथे हात थरथरला की चीर क्रँकच्या आट्यांत जाते, सवय नसेल तर सवय असलेल्याकडून करून घ्या.

मोकळा झाला की आटे पितळी ब्रशने आणि रॉकेलने स्वच्छ करा, भिंगातून बघा. शेंडे सपाट झालेले, चकाकणारे दिसतायत की टोकदार आहेत, हे दहा सेकंदात कळतं.

प्रश्न : फ्रीव्हील बसवताना ग्रीस लावावं की कोरडं? दोन्ही सांगणारे भेटतात.

उत्तर : लावायचंच. कोरडंवाल्यांचं म्हणणं असं की ग्रीस लावलं की त्याच किकला फ्रीव्हील जास्त आवळलं जातं. ते खोटं नाही, घर्षण कमी झालं की तेवढ्याच टॉर्कला आट्यांवरचा दाब वाढतो. पण चांगले आटे तो वाढलेला दाब पेलतात, चिकटलेले आणि गंजलेले आटे मात्र काढताना सोलले जातात, आणि क्रँक मरतो तो तिथे. तांब्याचा अँटीसीझ (आटे चिकटू न देणारी पेस्ट) मिळाला तर तो भरपूर लावा, नाहीतर जाड ग्रीस. खांद्यावरही लावा, तिथे सगळे विसरतात, आणि खटक्यांच्या बाजूला मात्र ते जाऊ देऊ नका, घट्ट ग्रीसने खटके चिकटले तर वेगळंच दुखणं.

बसवताना आधी उलटं फिरवा. एका ठिकाणी फ्रीव्हील बारीक टक् करून खाली बसतं, आट्याचं तोंड आलं. तिथून सरळ फिरवायला लागा, बोटांनी, खांद्याला टेकेपर्यंत. मग चेन लावून चढावर बसून सावकाश दहा-वीस दमदार पेडल मारा म्हणजे ते हळू बैठक घेईल. थेट गॅपला जाऊ नका, तिरकं बसलं असेल तर ते जमिनीवर कळलेलं बरं.

प्रश्न : किक मारताना कधीकधी "खट" होऊन क्रँक किंचित पुढे जातो आणि परत पकडतो. आटे चाललेत की खटके?

उत्तर : परमनंट मार्कर घ्या. क्रँकच्या खांद्यापासून फ्रीव्हीलच्या आतल्या कड्यावर एक सरळ रेघ ओढा, आतल्या, म्हणजे जे क्रँकबरोबर फिरतं त्या. मागच्या बाजूने फटीतून दिसतं. बॅशरिंगमुळे दिसत नसेल तर तोंडाच्या बाजूने क्रँकच्या एक्सलच्या भोकाजवळून कड्यावर ओढा. दहा-पंधरा किक मारून परत बघा. "खट" झालं आणि रेघ जागेवर, तर खटके किंवा रॅचेटचे (खटके ज्यांत अडकतात ते) दाते झिजलेत, फ्रीव्हील बदला, क्रँक सुखरूप आहे. रेघ तुटली, दोन्ही टोकं वेगळी झाली, तर आटे सरकतायत आणि राइड तिथेच थांबवायची. नवीन बसवलेल्या फ्रीव्हीलची रेघ पहिल्या काही किकमध्ये जराशी सरकणं साहजिक आहे, ती बैठक. पुन्हा ओढा. पुन्हा सरकली तर ती बैठक नाही.

चेन किंवा मागचा कॉग उडी मारतोय का हेही त्याच वेळी बघून घ्या. आणि 72 एंगेजमेंटचं (एका फेऱ्यात 72 ठिकाणी पकडणारं) फ्रीव्हील असेल तर पकडायला 5 अंशांपर्यंत क्रँक मोकळा फिरतोच, 108 वर 3.3 अंश, तो दोष नाही. नवीन माणसाला तेवढा खेळसुद्धा घसरल्यासारखा वाटतो.

प्रश्न : माझा डावा पाय पुढे असतो. सगळ्या किक डाव्या पेडलवर. मग उजव्या क्रँकचे आटे माझे जास्त टिकतील ना?

उत्तर : नाही हो. डावीकडचा जोर एक्सलमधून उजव्या क्रँकमध्ये आणि तिथून त्याच आट्यांत. फरक एवढाच की तुमच्या एक्सलला आणि डाव्या क्रँकच्या सांध्याला उजव्या पायवाल्यांपेक्षा जास्त पीळ पडतो, तेव्हा डावा बोल्ट अधूनमधून बघत जा.

प्रश्न : कंटाळून मागे चांगला फ्रीहब (फ्रीव्हीलचं काम ज्याच्या आतच होतं असा हब) टाकून पुढे फिक्स करायचं ठरवलंय. पुढे त्याच क्रँकवर फ्रीव्हीलच्या जागी आट्यांचं फिक्स स्प्रॉकेट बसतं म्हणे. आटे जायचा विषयच संपला, बरोबर?

उत्तर : फ्रीव्हील गेलं, आटे तिथेच आहेत. फिक्स स्प्रॉकेट त्याच 1.37 वर बसणार, तेच टॉर्क, तीच आवळण, एवढंच की खटके झिजून ते बदलायची वेळ क्वचित येते, त्यामुळे काढघाल कमी. तेवढा फायदा खरा आहे आणि मी तो कमी लेखत नाही, कारण आटे मरतात ते काढघालीतच. पण एक सावधगिरी. फ्रीव्हील पुढे असताना क्रँकला मागे फिरवलं तर खटके मोकळे फिरतात, आट्यांवर उलटा जोर जवळपास येतच नाही. मागच्या फ्रीहबलाही तसंच, पण तो फ्रीहब कधी जाम झाला, किंवा चेन अडकली आणि तुम्ही मागे पेडल मारलं, तर फिक्स स्प्रॉकेट सुटायला लागू शकतं. राइडच्या आधी हाताने उलटं हलवून बघायचं, बस.

आट्यांपासून खरी सुटका हवी असेल तर पुढचं स्प्रॉकेट स्प्लाइनवर किंवा बोल्टवर बसणारा क्रँकच घ्यावा लागेल. म्हणजे हब, क्रँक, स्प्रॉकेट, चेनलाइन (चेनची सरळ रेषा), सगळंच. सध्याचे आटे चांगले असतील तर मी तरी एवढा घाट घालणार नाही.

प्रश्न : फ्रीव्हीलचे नाही, पण क्रँक ओढून काढायचे जे आतले आटे असतात ते गेले. आता क्रँकच निघत नाही, मग फ्रीव्हील कसं काढू?

उत्तर : ते आटे 22 मिमीचे, फेऱ्याला 1 मिमी सरकणारे, आणि ते जातात पुलर (क्रँक ओढून काढायचं हत्यार) अर्धाच आत घातल्यामुळे किंवा बोल्टखालचा वॉशर आत राहिल्यामुळे. आयसिसला चौकोनी एक्सलचा बारका टोकवाला पुलर लावला तर टोक एक्सलच्या भोकात घुसतं, तेही तपासा, त्याला मोठं बूच लागतं. आटे गेलेच असतील तर बोल्ट अर्धा फेरा ढिला करून, पूर्ण काढून नाही, सपाट जागेवर चक्कर मारा, उभं राहून पेडल मारत. क्रँक स्वतःच ढिला होतो. असं केल्याने क्रँकचा आतला चौकोन किंवा स्प्लाइन थोडा खराब होतो, तेव्हा हा उपाय ज्या क्रँकचं आता फार काही राहिलेलं नाही त्याच्यासाठी. चांगल्या क्रँकला दोन जबड्यांचा बेअरिंग पुलर मागून लावून बघा, फ्रीव्हीलच्या दातांना न धरता, क्रँकच्या खांद्यामागे जबडे पोचत असतील तर. बॅशरिंग असेल तर बहुतेक पोचत नाहीत.